तांबड्या धुळीचा मानकरी

शेजारच्या विणकराने साचीकला भर गल्लीत थांबवून म्हटलं, "तुमच्यासारखा हात उभ्या चिमोरात नाही हो," आणि साचीक दोन पावलं मागे सरला.

वर्षभरापूर्वी हेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून तो वळसा घालून त्याच गल्लीतून परत आला असता. आता त्याने आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुला हे बोलायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मनातून आलं."

"तुझ्या मनातून? भिंतीवरून भांडण झाल्यापासून तू माझ्या सावलीशीही बोलत नाहीस."

"म्हणूनच म्हटलं, आता चांगलं बोलावं," विणकर म्हणाला आणि हसत पुढे गेला. ते हसणं पाहून साचीकची खात्रीच पटली.

त्या दिवसांत चिमोर राज्याच्या राजधानीत, चान चान शहरात, एखाद्याचं वाटोळं करायचं तर त्याचं कौतुक करत. डोंगरवाल्यांनी वरच्या अंगाला कालवा फोडला, शेतं करपली, विहिरींचे तळ दिसले, आणि सगळं शहर पहाटेचं धुकं चाटून जगू लागलं, तेव्हा राज्याच्या धन्यांनी मान तुकवली. अर्थात 'हरलो' हा शब्द महालात कुणी उच्चारत नसे. धनी डोंगरवाल्यांच्या राजधानीला, कुस्कोला, पाहुणे म्हणून गेले होते, आणि तिथला पाहुणचार इतका उत्तम होता की परत यायचं नाव काढायला त्यांना सवड मिळत नव्हती. मागोमाग डोंगरातले अंमलदार खाली आले. मोठी गोड माणसं. त्यांनी कालवा दुरुस्त केला, अंगरखे वाटले, आणि सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं, की तुमच्यात चांदीचं काम सगळ्यात सुरेख कोण करतो? लोकांनी छाती फुगवून नाव सांगितलं. थोड्याच दिवसांत तो कारागीर बायकामुलांसकट डोंगराच्या वाटेला लागला. मग सगळ्यात चांगला कुंभार गेला, मग पिसांची वस्त्रं करणारी दोन घरं गेली. गेलेल्यांपैकी कुणी परत आलं नाही, निरोपही आला नाही.

मग शहराला अक्कल आली. चांदीचे पेले तिरक्या नाकांचे निघू लागले. घडे गळू लागले. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून पोट भरलेली माणसं आता स्वतःच्या कामाला नावं ठेवण्यात एकमेकांशी चढाओढ करू लागली. एका सुताराने तर आपल्याला करवत कोणत्या बाजूने धरायची तेच कळत नाही असं चौकात उभं राहून सांगितलं, आणि ते ऐकून बाकीचे सुतार जळले.

साचीकची पंचाईत वेगळी होती. त्याचं काम बिघडवता येण्याजोगं नव्हतं. उत्तरेच्या कोमट समुद्रातून येणारा तांबडा काटेरी शिंपला कुटून त्याची धूळ करायची, आणि धनी जिथे पाऊल ठेवणार तिथे ती आधी पसरायची; धन्यांच्या तळव्याला उघडी जमीन लागू द्यायची नाही. बाप हेच करत होता, आजा हेच करत होता. हे काम म्हणजे किती अवघड विद्या आहे, वारा कसा ओळखावा लागतो, मनगट कसं ढिलं सोडावं लागतं, हे साचीकने उभी हयात लोकांना ऐकवलं होतं. तह झाल्यावर पहिल्या दिवसांत गुत्त्यावर एक परका मीठवाला भेटला होता. त्याने मक्याची दारू पाजली, तेव्हा त्यालासुद्धा हे सगळं सविस्तर सांगून झालं होतं. मीठवाला फार समजूतदार माणूस होता. मधे एकदाही बोलला नाही.

"मूठ भरायची आणि मूठ उघडायची," त्याची बायको न्यीके म्हणत असे. "बदकांना दाणे टाकताना मीपण तेच करते. मला कुणी मान देत नाही."

पंचवीस वर्षं या वाक्यावरून साचीकने तिच्याशी भांडण केलं होतं. आता तो म्हणाला, "तू हे जरा बाहेर सांगशील का? चारचौघीत?"

"आता कशाला? आता मला पटलंय तुमचं. अवघड विद्या आहे."

"न्यीके, थट्टा नको. मला डोंगरात नेलं तर?"

"तर जा. तिथे पाणी गोठून दगड होतं म्हणतात. पाहून या."

"आलो नाही परत तर?"

तिने वाळवलेला मासा आणि घेवड्याची भाजी त्याच्यापुढे सरकवली आणि जवळ बसली, म्हणजे तिलाही भीती वाटत होती. साचीकला मात्र ती इतकी जवळ का बसली याचाच संशय आला. समुद्राची गाज कानावर नसली तर त्याला झोप लागत नसे. एकदा नुसतं पायथ्यापर्यंत गेला होता तर श्वास कोंडून परत आला होता. वर नेलं तर आपण जगणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. प्रश्न एवढाच होता, की आपलं नाव वर कोण पोचवतंय?

अंगणात अस्मात शिंपले कुटत होता. हा न्यीकेचा धाकटा भाऊ. कुटायचं काम त्याचं, टाकायचा मान साचीकचा. साचीकला मूल नव्हतं, तेव्हा तो मान पुढेमागे अस्मातकडेच जाणार होता. साचीक गेला तर लवकर जाणार होता. हा हिशेब साचीकने मनात एकदा मांडला आणि मग त्याला तो पुसता येईना.

"काय रे, उत्तरेचे तराफे यायचे बंद झालेत ना?" त्याने विचारलं.

"कधीचेच, दाजी."

"मग धन्यांच्या रिकाम्या आसनापुढे टाकायला पिशवी दर खेपेला भरलेली कशी असते?"

"जुने शिंपले जपून ठेवले होते."

"मला न सांगता?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर जपून राहिले असते का? तुम्ही उंदराच्या लग्नालाही धूळ पसरली असती."

साचीकने चिमूटभर धूळ बोटांत चोळून पाहिली. रंग तर बरोबर होता. फारच बरोबर होता. गेरूची माती मिसळली की असाच रंग येतो. मनात शंकेची पाल चुकचुकली आणि मग ती तिथेच मुक्कामाला राहिली.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांचं बोलावणं आलं. महालाचे कारभारी पिमिन हे असे गृहस्थ होते, की त्यांनी दिलेला हुकूम कुणालाही नंतर आठवून सांगता येत नसे. कुस्कोहून मोठे साहेब येणार होते, रिमाची नावाचे. ते कारागीर निवडणार होते, आणि धन्यांच्या रक्ताचा एक जण पाहुणा म्हणून सोबत नेणार होते. पिमिनचा स्वतःचा जावई धन्यांच्या रक्ताचा. ज्याने जन्मात ओल्या माशाला हात लावला नव्हता, तो जावई कालपासून बोरूच्या होडीत बसून खोल समुद्रात मासेमारीला गेला होता. त्याला म्हणे अचानक आवड लागली होती.

"साहेब सभाचौकात येतील. रीत सांभाळा," पिमिन म्हणाले.

"म्हणजे त्यांच्यापुढे धूळ टाकू?"

"असं मी म्हटलं का?"

"मग नको टाकू?"

"असंही मी म्हटलेलं नाही."

"कारभारी, धूळ धन्यांपुढे टाकायची असते. साहेबांपुढे टाकली तर आपली माणसं मला दगड मारतील. नाही टाकली तर साहेबांची माणसं मारतील. तुमच्या मनात काय आहे ते तरी सांगा."

"माझ्या मनात रीत आहे. बाकी तुम्ही जाणते आहात."

"मी जाणता नाही!" साचीक दचकून ओरडला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी मूठ उघडतो, बस. बदकांना दाणे टाकतात तसं. बायकोला विचारा."

पिमिनने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. ते पाहून साचीक उलट्या पावली महालाबाहेर पडला.

घरी येईपर्यंत त्याने बेत ठरवला. टाकायची, पण अशी भिकार टाकायची की हिला विद्या म्हणायला साहेबांची जीभ रेटता कामा नये. कुठे ढीग, कुठे नुसती जमीन. बापाने पाहिलं असतं तर कबरीतून उठून थोबाडलं असतं. पण बापाला डोंगरात जायचं नव्हतं.

साहेब आले त्या सकाळी धुकं भिंतींवर कोरलेल्या मातीच्या माशांवरून ओघळत होतं. चौकात महालातली माणसं माना खाली घालून उभी होती. रिमाची साहेब बुटके, रुंद, कानांत वाटीएवढ्या सोन्याच्या चकत्या; मागे गदा घेतलेले शिपाई, आणि शेजारी दुभाष्या. साचीकने दुभाष्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे तिथेच अडकले. मीठवाला! अंगरखा नवा होता, पण कान देऊन ऐकायची ती समजूतदार मान जुनीच होती.

साचीक पुढे झाला. मागे भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन अस्मात. साचीकने मूठ भरली, आणि बेतल्याप्रमाणे गबाळ्यासारखी उडवली. इथे लालभडक ठिगळ, तिथे काहीच नाही, पुढे एक ढिगारा. चौकातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून हाय निघाली. साचीकला एकाच वेळी लाज वाटली आणि बरंही वाटलं.

साहेब पहिल्या ठिगळापाशी थांबले. पाऊल उचललेलं होतं, ते त्यांनी जपून मागे घेतलं आणि दुभाष्याला काही तरी बोलले.

"साहेब विचारतात, ही कसली भुकटी?"

"शिंपला आहे. तांबडा."

"तो शिंपला आमच्याकडे झऱ्यांना वाहतात. देव आणि मेलेले पूर्वज तो खातात. साहेब म्हणतात, आम्ही देव नाही आणि मेलोही नाही. मग आमच्यापुढे हे खाणं का टाकलं?"

"रीत आहे, साहेब. मोठ्या माणसाच्या पायाखाली असतं."

"बरं. मग मधे मोकळ्या जागा का सोडल्या? साहेबांनी पाय कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये, हे तुम्ही ठरवलंत?"

"नाही हो. मला नीट जमत नाही."

"जमत नाही?" दुभाष्याने हे साहेबांना सांगितलंच नाही, तो स्वतःच बोलला. "वारा ओळखावा लागतो, मनगट ढिलं सोडावं लागतं, उभ्या चिमोरात असा दुसरा हात नाही. हे तुमच्याच तोंडचं. मी तसंच वर कळवलंय."

म्हणजे विणकर नव्हे, अस्मात नव्हे, कारभारी नव्हेत. दुसऱ्या कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. साचीकच्या मनात एवढंच आलं, की हा माणूस त्या तिघांपैकी कुणाला तरी पाठीशी घालतोय.

साहेबांनी बोटाने धूळ दाखवली आणि एकच शब्द उच्चारला. दुभाष्याने त्याचा अर्थ सांगितला, "चाला."

"कोण?"

"तुम्ही. निरुपद्रवी शिंपला आहे ना? मग तुम्ही आधी चाला. अनवाणी."

साचीकने पाय उचलला. पाय उचलला गेला, पण पुढे जाईना. या घराण्यात पोर रांगायला लागलं की पहिली शिकवण हीच, की धुळीला अंग लावायचं नाही. लहानपणी एकदा त्याचा अंगठा चुकून टेकला होता, तर बापाने त्याला ओहोटी लागेपर्यंत समुद्रात उभं केलं होतं आणि आईने त्या दिवशी जेवण शिजवलं नव्हतं. जन्मभर तो धुळीच्या पुढे चालला, कडेने चालला, पण वरून कधी नाही. त्याचं डोकं सांगत होतं, अरे चाल, जीव वाचेल. मांड्या ऐकत नव्हत्या. कपाळावर घाम आला. त्या गारठ्यात तो सगळ्यांना दिसला.

"विष आहे," दुभाष्या हळूच म्हणाला, आणि साहेबांना सांगायची गरज पडली नाही. शिपाई दोन्ही बाजूंनी पुढे आले. एकाने साचीकची मान धरून त्याला गुडघ्यांवर बसवलं. धूळ नाकाशी आली. तरीही तो मागेच रेटत होता.

तेवढ्यात पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. अस्मात साचीकला ओलांडून पुढे आला आणि आपले भेगाळलेले, चुन्यासारखे पांढरे पाय घेऊन सरळ तांबड्या ठिगळावर चढला. तिथून दुसऱ्यावर. ढिगाऱ्यात घोट्यापर्यंत रुतला. साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, वळला, तसाच परत आला. मग वाकून साचीकला म्हणाला, "दाजी, गार लागते. बाकी काही नाही."

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. जे पाहिलंच नाही त्याची साक्ष कुणी मागत नाही.

साहेबांनी शिपायांना हाताने मागे केलं. साचीकची मान सुटली. साहेब आता अस्मातकडे पाहत होते.

"साहेब विचारतात, हा कोण? आमच्या माहितीप्रमाणे या धुळीवर फक्त धन्यांच्या रक्ताचा माणूस चालतो. ज्याचं हे काम आहे तो मरायला तयार झाला, पण चालला नाही. हा मात्र घरच्या ओसरीवर चालावं तसा चालला."

अस्मातने तोंड उघडलं. पण पिमिन, ज्यांनी जन्मात कधी स्पष्ट वाक्य उच्चारलं नव्हतं, ते त्याच्या आधी बोलले. "साहेबांची नजर बारीक. हा धन्यांचा पुतण्या. आम्ही जपून ठेवला होता, शिंपले कुटणाऱ्यांत लपवून. आता काय लपवायचं?"

अस्मात पिमिनकडे बघत राहिला. मग त्याने साचीककडे पाहिलं. साचीक अजून गुडघ्यांवरच होता. अस्मात 'नाही' म्हणू शकला असता. शब्द ओठांपर्यंत आला होता, आणि तो बाहेर पडला तर, हा चालला मग साचीक का चालला नाही, असं म्हणत पुन्हा विषाची गोष्ट निघणार होती, हे दोघांनाही कळत होतं. अस्मातने तोंड मिटलं.

साहेब हसले. त्यांनी एक बारीक विणीचा अंगरखा आणवला आणि स्वतःच्या हातांनी अस्मातच्या गळ्यात घातला. असा अंगरखा अंगावर आला की माणूस पाहुणा झाला, हे सगळ्यांना माहीत होतं. तो अस्मातला आखूड होत होता. मग साहेब पुढे निघाले, अस्मातच्या पावलांच्या ठशांवर अचूक पाऊल ठेवत. साचीककडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जो आपल्या हातांनी टाकलेल्या धुळीला एवढा घाबरतो, त्याला डोंगरात नेऊन काय करायचं?

अस्मातला पालखीतून नेलं. वेशीपर्यंत न्यीके शेजारून चालत गेली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. साचीक मागे राहिला होता. वाटेत त्याने दुभाष्याला गाठलं.

"खरं सांगा, माझं नाव तुम्हाला कुणी दिलं?"

"तुम्हीच."

"ते ठीक. पण गुत्त्यावर मी बसतो हे कुणी सांगितलं?"

"चाळीस गावं पाहिली मी," दुभाष्या म्हणाला, "पण तुम्ही खरोखरच हुशार आहात. बरं झालं, साहेबांनी नेलं नाही."

साचीक घरी आला. अंगणात उखळ रिकामं होतं. भिंतीशी शिंपल्यांची टोपली पालथी पडली होती, आणि महालातून परत आणलेली पिशवी तिच्यावर. तो तिच्याकडे बघत बसला. एक एक गोष्ट त्याच्या डोक्यात जागच्या जागी बसत गेली. कारभाऱ्यांना जावई वाचवायचा होता. अस्मातला पालखी हवी होती. दोघांचं आधीच ठरलं असणार. आणि धुळीत माती असणार, अर्धीअधिक गेरू. म्हणून तर पठ्ठ्या बिनघोर चालला! मातीवरून कोण चालत नाही? तसं असेल तर कुणी कुणासाठी काही केलेलं नाही, आणि आपण कुणाचं काही देणं लागत नाही.

न्यीके आली. तिचे डोळे सुजले होते. "काय करताय?" तिने विचारलं.

"तुझ्या भावाने हे आधीच ठरवलं होतं का गं?"

"हो. लहानपणापासून. असा दाजी मिळावा म्हणून नवससुद्धा केला होता."

साचीकने ते मनावर घेतलं नाही. भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेतलं आणि पिशवीतली मूठभर धूळ त्यात सोडली. परीक्षा सोपी होती. माती असेल तर पाणी गढूळ होईल, लाल चिखल होईल. शिंपला असेल तर तळाला बसेल. तो तुंब्यावर वाकून बसला. न्यीकेही उभ्या उभ्या वाकली.

धूळ तळाला बसली, कणाकणाने, सगळीच्या सगळी. वर पाणी एवढं स्वच्छ राहिलं की त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. त्या पिशवीत शिंपल्याशिवाय दुसरं काही नव्हतं. जपलेले सगळे शिंपले संपवून, मातीचा एक कणही न मिसळता केलेली धूळ. आणि अस्मातला ते माहीत होतं, कारण कुटली त्याने होती. तरी तो चढला होता.

न्यीकेने तोंडाला पदर लावला. साचीकने तुंबा उचलला, उजेडात धरला, हुंगला.

"हे पाणी कुठलं?"

"कालव्याचं. दुसरं कुठलं असणार?"

"कालवा कुणाच्या ताब्यात आहे?"

न्यीके सरळ उभी राहिली.

"डोंगरवाल्यांच्या," साचीक म्हणाला. "तेच तर. या पाण्याचा भरवसा नाही. समुद्राचं आण, म्हणजे खरं काय ते कळेल."

न्यीकेने कोपऱ्यातला घडा उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"तुम्हीच जा," ती म्हणाली. "वाट मोकळी आहे. कुठे धूळ नाही."